व्हिटनीच्या पूर्व कड्यावरून माघार : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीचं आहे. काही वर्षांपूर्वी ऑगस्टच्या मध्याला तिघं मराठी आरोहक त्याच्या पूर्व कड्यावर चढाईला गेले आणि अर्ध्यातून उतरले. तिघांशी वेगवेगळं बोलून, त्यांच्या संमतीनं हे लिहितोय. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कुणाचा जीव गेला नाही, हेलिकॉप्टर बोलवावं लागलं नाही. असल्या माघारीची नोंद सहसा कुठेच होत नाही, आणि शिकण्यासारखं मात्र तिच्यातच भरपूर असतं.

तिघांपैकी एक लीडर. पुण्यात एका क्लबबरोबर सह्याद्रीतले सुळके चढत मोठा झालेला, नंतर नोकरीनिमित्त सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात स्थायिक झालेला. योसेमिटीत ग्रॅनाइटच्या भेगांमध्ये कॅम आणि नट ही दोर अडकवायची साधनं लावून चढायचा त्याला चांगला सराव होता. दुसरा त्याच्या क्लबातला सीनियर. क्लबात सगळे त्याला दादा म्हणतात, इथेही तेच म्हणू. दादा सुट्टी काढून पुण्याहून आला होता, अमेरिकेत उतरून आठवडाही झाला नव्हता. तिसरी लीडरच्या ऑफिसातली मैत्रीण. लीड करण्याची, म्हणजे दोर घेऊन पहिलं चढण्याची, तिला फारशी सवय नव्हती, पण सेकंड म्हणून, म्हणजे मागून, ५.७ पर्यंतच्या वाटा (काठिण्याचा अमेरिकी आकडा, मोठा तितका अवघड) ती स्वच्छ चढायची. व्हिटनीची पायवाट तिनं आधी एकदा केली होती, त्यामुळे विरळ हवेत आपलं शरीर कसं वागतं हे तिघांत फक्त तिलाच ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढचं बरंच काही तिच्याभोवती फिरतं. लीडरला पहिला दोर दादानं बांधला होता. फिगर ऑफ एटची गाठ, बिले कसा द्यायचा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर कसा सांभाळायचा, रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून उतरताना, ब्रेकचा हात का सोडायचा नाही, हे सगळं दादाकडूनच आलेलं. या मोहिमेत नेता लीडर होता, पण दोघांच्या नात्यातली वडीलकी दादाकडेच होती.

डोंगर आणि त्याच्या वाटा

व्हिटनीची उंची १४,५०५ फूट, म्हणजे ४,४२१ मीटर. अलास्का वगळली तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं हे सर्वोच्च शिखर. पश्चिमेकडून तो साधा, उतरता डोंगर आहे. पूर्वेकडून मात्र सरळ तुटलेला ग्रॅनाइटचा कडा, आणि शेजारी कीलर नीडल व इतर सुळक्यांची रांग.

पूर्वेकडून वर जायला तिघांपुढे तीन वाटा होत्या.

पहिली माउंटनियर्स रूट. ही कड्याच्या उत्तरेची घळ. जॉन म्यूर १८७३ च्या ऑक्टोबरमध्ये इकडून एकटा चढला होता. घळीतून घसारा तुडवत एका खिंडीत पोचायचं आणि तिथून उत्तर अंगाच्या तीव्र उतारावरून शेवटचे सुमारे ४०० फूट चढून माथ्यावर. कोरड्या मोसमात हात टेकत चढावी अशी वाट. कड्यावरून चढणारे बहुतेक जण उतरतात तेही इकडूनच.

दुसरी ईस्ट फेस. १६ ऑगस्ट १९३१ रोजी रॉबर्ट अंडरहिल, नॉर्मन क्लाइड, ग्लेन डॉसन आणि ज्यूल्स आयकॉर्न हे चौघं ती पहिल्यांदा चढले, तेही सव्वातीन तासांत. अंडरहिल हार्वर्डमधला. दोर वापरायची शास्त्रशुद्ध पद्धत त्या उन्हाळ्यात त्यानं सिएरा नेवाडा या इथल्या पर्वतरांगेतल्या गिर्यारोहकांना शिकवली आणि लगेच तिचा वापर या कड्यावर झाला. वाटेची काठिण्यपातळी ५.६ ते ५.७ धरतात. ती सरळ वर जात नाही, कड्यावर डावीकडे सरकत जाते. आधी टॉवर ट्रॅव्हर्स ही उघड्यावरची आडवी, म्हणजे वर न जाता कातळावर बाजूला सरकायची चढाई, मग एक चिमणी, म्हणजे अंग शिरेल एवढी उभी फट, मग वॉशबोर्ड नावाचा कमी तिरकस, पायऱ्यापायऱ्यांचा लांब पट्टा. त्यापुढे फ्रेश एअर ट्रॅव्हर्स, म्हणजे पायाखाली नुसती हवा असलेली दुसरी आडवी. शेवटी ग्रँड स्टेअरकेसच्या मोठ्या कपारी, एक अरुंद भेग आणि माथा.

तिसरी ईस्ट बट्रेस. १९३७ मध्ये चढली गेलेली, आणि त्या तुकडीतही ग्लेन डॉसन होता. ही कड्याच्या उजव्या सोंडेवरून जवळपास सरळ वर जाते. पातळी थोडी वरची, ५.७ ते ५.८, पण कातळ ठणठणीत आणि वाट बऱ्यापैकी उलगडत जाणारी.

पूर्वेच्या या दोन्ही वाटा फर्स्ट टॉवर नावाच्या बुरुजाच्या आसपासच सुरू होतात. त्यामुळे कुठली घ्यायची हा निर्णय अगदी पायथ्यापर्यंत पुढे ढकलता येतो. या तिघांनी तो घरीच करून टाकला होता: ईस्ट फेस. कारण पातळी कमी.

तिन्ही वाटांचा पायथा म्हणजे आइसबर्ग लेक, सुमारे १२,६०० फुटांवर. तिथवर जाण्यासाठी व्हिटनी पोर्टलपासून नॉर्थ फोर्क या ओढ्याच्या खोऱ्यातून चढावं लागतं. पोर्टल सुमारे ८,३६० फुटांवर आहे, म्हणजे गाडी लावतो तिथेच आपण कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळपास ३,००० फूट वर असतो. सह्याद्रीतून येणाऱ्यांनी हा आकडा आधी डोक्यात घ्यायला हवा. कातळावर आपला हात बसलेला असतो, पण फुप्फुसांना या उंचीची सवय नसते.

अडचण कशी वाढत गेली

मूळ बेत चांगला होता. बुधवारी संध्याकाळी निघायचं, गुरुवारचा दिवस आणि रात्र लोन पाइन गावाजवळच्या हॉर्सशू मेडोजला काढायची, शुक्रवारी आइसबर्ग लेक, शनिवारी चढाई, रविवार राखीव. हॉर्सशू मेडोज सुमारे १०,००० फुटांवर आहे आणि तिथवर गाडी जाते. अंगाला उंचीची सवय लावायला त्या भागात याहून सोयीची जागा नाही.

लीडरचं ऑफिसचं काम लांबलं आणि निघायला गुरुवारची संध्याकाळ उजाडली. टायोगा पासवरून लोन पाइनला पोचेपर्यंत मध्यरात्र उलटली. वर हॉर्सशू मेडोजला जायचा कुणाला उत्साह उरला नव्हता. गावातल्या मोटेलात झोपले, ३,७०० फुटांवर. त्या क्षणी हा निर्णय म्हणून कुणाला जाणवलाही नाही. मोहिमेतला पहिला मोठा निर्णय मात्र तोच होता.

शुक्रवारी परमिट, अस्वलांपासून खाणं वाचवायचा डबा, विष्ठा परत आणायच्या पिशव्या हे सगळं आटोपून चालायला लागले तेव्हा साडेदहा वाजले होते. ऊन चढलेलं, पाठीवर तंबू, दोन दोर आणि चढाईचं सगळं सामान. नॉर्थ फोर्कची वाट सुरुवातीला ओढ्याकाठच्या विलोच्या झुडपातून जाते आणि मग एबर्सबाकर लेजेस नावाच्या कातळपट्ट्यांवर चढते. इथे बरेच जण चुकतात. ओढा ओलांडून उत्तरेच्या काठावर आलं की वाट चक्क उलटी, पूर्वेकडे जाते. कातळाच्या पट्टीवरून आल्या दिशेलाच थोडं मागे जायचं, वरची पट्टी गाठायची आणि मग पुन्हा पश्चिमेला वळायचं. पुढे शिखराची दिशा दिसत असताना पाय मागे वळत नाहीत. हे तिघंही ओढ्याला धरून सरळ वर घुसले, झुडपात अडकले, ओली शिळा लागली आणि परत आले. दीड तास आणि बराच दम गेला.

अप्पर बॉय स्काउट लेकला, सुमारे ११,३०० फुटांवर, पोचायला संध्याकाळचे सहा वाजले. दादाचं डोकं दुखत होतं. तिथेच तंबू टाकला. हे योग्यच झालं. आणखी १,३०० फूट चढून झोपले असते तर रात्र अधिक वाईट गेली असती. तरीही मोटेलापासून या तंबूपर्यंत झोपायची उंची एका दिवसात ७,६०० फुटांनी वाढली होती. १०,००० फुटांच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा, म्हणजे १,६०० फुटांपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य सल्ला आहे.

दादानं मॅगीचे दोन घास खाल्ले आणि पातेलं बाजूला सारलं. रात्री एकदा उलटी झाली. त्यानं आयबुप्रोफेनची गोळी घेतली आणि पहाटे चारला स्टोव्ह पेटला तेव्हा म्हणाला, "आता ठीक आहे."

तंबूत तोललेले पर्याय

पहाटे तिघांनी पर्याय तोंडी मांडले, ही या तुकडीची जमेची बाजू. मैत्रिणीच्या आग्रहावरून दादाला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालून दाखवायला सांगितलं. उंचीचा त्रास मेंदूपर्यंत पोचला असेल तर तोल आधी जातो, आणि तो या चालण्यात लगेच दिसतो. दादा नीट चालला. मग चर्चा झाली ती अशी:

तिघांनीही ठरल्याप्रमाणे ईस्ट फेसला जायचं.

दादानं तंबूत थांबायचं आणि दोघांनी चढायचं. यावर दादा म्हणाला, "मी एवढ्या लांबून तंबू राखायला आलोय का?" हसूनच म्हणाला, पण विषय तिथेच संपला. लीडर मला म्हणाला, "ज्यानं मला गाठ शिकवली, त्याला 'तू इथे थांब' असं कोणत्या तोंडानं सांगू?"

तिघांनी मिळून माउंटनियर्स रूटनं जायचं. दोर कमी, कुठूनही मागे फिरता येणारं. लीडरला हे कमीपणाचं वाटलं नाही, पण एवढं सामान वर आणल्यावर ते तंबूत ठेवून जाणं त्याच्या जिवावर आलं.

आइसबर्ग लेकपर्यंत तर जाऊ, तिथे बघू. हेच ठरलं.

पाचवा पर्याय कुणी उच्चारलाच नाही: आज विश्रांती, उद्या चढाई. रविवार हाताशी होता. खाणं होतं, पाणी होतं. परमिटात रात्रही होती. रविवारी चढलं तर सोमवारी पहाटेपर्यंत गाडी चालवून थेट ऑफिस गाठावं लागलं असतं, एवढीच अडचण. मी तिघांना स्वतंत्रपणे विचारलं आणि तिघांनीही एकच सांगितलं: मनात आलं होतं, पण दुसरा कुणी बोलेल असं वाटलं.

निर्णयाची पहिली जागा : आइसबर्ग लेक

तळ्यापाशी पोचायला सव्वासात वाजले. बेतापेक्षा सव्वा तास उशीर. दादा दर पन्नास-साठ पावलांवर काठीवर ओणवा होऊन थांबत होता. गोळीचा असर ओसरून डोकं पुन्हा ठणकायला लागलं होतं. त्यानं दुसरी गोळी घेतली.

वेदनाशामक घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण डोकेदुखी ही इथे सगळ्यात उघड खूण होती आणि गोळीनं तीच पुसली जात होती. गोळी घ्यायची तर त्यानंतर वर चढायचं नाही, निदान काही तास तरी नाही, असा नियम त्या तुकडीनं पाळायला हवा होता.

तळ्याच्या काठावरून पूर्वेच्या दोन्ही वाटा समोर दिसतात. लीडरनं हिशेब केला तो पातळीचा. दादा थकलाय, म्हणून सोपी वाट, म्हणून ईस्ट फेस. ऐकताना हे बरोबर वाटतं. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला कच्चा दुवा हाच आहे, आणि तो तपशिलात बघण्यासारखा आहे.

सरळ वर जाणाऱ्या पिचवर, म्हणजे दोराच्या एका टप्प्यावर, सेकंडला वरून दोर असतो. तो घसरला तर हातभर खाली येऊन लटकतो. आडवीवर तसं नसतं. दोर बाजूला जातो, आणि मागून येणारा घसरला तर लोलकासारखा झोका खाऊन कातळावर आपटू शकतो. म्हणजे आडवी चढाई लीडरइतकीच सेकंडला महाग पडते. ज्याचं डोकं ठणकतंय आणि पाय जड झालेत त्याच्यासाठी दोन आडव्या असलेली ५.६ ची वाट सरळ जाणाऱ्या ५.७ पेक्षा सोपी ठरत नाही.

परतीचंही तेच. सरळ वाटेवरून अँकर, म्हणजे दोराला भक्कम आधार, करून रॅपल मारत खाली येता येतं. आडवी ओलांडल्यावर रॅपल मारलं तर आपण आलो तिथे पोचत नाही, भलत्याच कड्यावर लोंबकळतो. ईस्ट फेसवर टॉवर ट्रॅव्हर्सनंतर परतीचं दार अर्धं लागतं आणि फ्रेश एअर ट्रॅव्हर्सनंतर जवळपास बंद होतं. तिथून पुढे खाली जायचा मार्ग माथ्यावरूनच.

यातलं काहीच लीडरला नवीन नव्हतं. गाइडबुकातलं वर्णन त्याला पाठ होतं. पण त्यानं वाट निवडली ती चढण्यासाठी, उतरायची वेळ आली तर काय हा प्रश्न निवडीत आलाच नाही.

तळ्यापाशी एक गोष्ट मात्र मैत्रिणीनं पदरात पाडून घेतली. ती म्हणाली, "वॉशबोर्डचा माथा, बारा वाजता. तोवर तिथे नसलो किंवा दादांना बरं नसेल, तर परत. आत्ताच ठरवू, वर गेल्यावर वाद नको." लीडरनं मान्य केलं. तिघांनी हातातल्या घड्याळांच्या वेळा जुळवल्या.

निर्णयाची दुसरी जागा : वॉशबोर्डचा माथा

फर्स्ट टॉवरपाशी पुढे एक दोघांची तुकडी होती. ती आडवी पार करेपर्यंत थांबावं लागलं आणि यांचा पहिला पिच पावणेदहाला सुरू झाला. टॉवर ट्रॅव्हर्स दादा व्यवस्थित आला. सुळक्यांवर काढलेली वर्षं हातापायांत होती. चिमणीतून बाहेर पडून वॉशबोर्डवर आल्यावर मात्र तो अक्षरशः पायरीपायरीवर बसू लागला. पाणी पुढे केलं तर नको म्हणायचा. एकदा कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची कडी, उघडायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. मैत्रिणीनं ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

वॉशबोर्डच्या माथ्यावर पोचले तेव्हा सव्वाबारा वाजले होते. १३,००० फुटांच्या बरेच वर. कडा सकाळी उन्हात असतो आणि दुपारी सावलीत जातो, तशी सावली सरकत आली होती. दक्षिणेला ढगांचे गड्डे फुगत होते. पूर्व कड्यावर चढताना पश्चिमेचं आकाश दिसतच नाही. तिकडून काही येत असेल तर ते डोक्यावर आल्यावरच कळतं. ऑगस्टमध्ये सिएरात मान्सूनची दमट हवा शिरते तेव्हा सकाळ निरभ्र आणि दुपार गडगडाटी असं चक्र चालतं, आणि त्या आठवड्याचा अंदाजही तसाच होता.

लीडरचं म्हणणं होतं की वर जाणं लवकर होईल. उरलेला भाग आलेल्यापेक्षा कमी आहे, माथ्यावरून माउंटनियर्स रूट ही माहितीची उतरण आहे, आणि टॉवर ट्रॅव्हर्स उलट करणं हा स्वतःच एक धोका आहे. पुढची तुकडी तर फ्रेश एअर ट्रॅव्हर्स ओलांडूनही गेली होती. वरून त्यांचे आवाज येत होते.

मैत्रिणीचं म्हणणं तीन वाक्यांचं होतं. बारा वाजून गेलेत. दादांना उंचीचा त्रास होतोय आणि आपण त्यांना अजून वर नेतोय. माथ्यावर वीज असेल तर तिथे लपायला जागा नाही.

शेवटचं तिनं उगाच म्हटलं नव्हतं. व्हिटनीच्या माथ्यावर १९०९ साली बांधलेली एक दगडी खोली आहे. वादळात ती आसऱ्याची जागा वाटते. १९९० मध्ये तिथे आसरा घेतलेल्यांवर वीज पडून एक तरुण दगावला. खोलीपाशी आता तसा इशाऱ्याचा फलक आहे.

लीडरनं दादाकडे पाहिलं. दादा कपारीत पाठ टेकून बसला होता. म्हणाला, "बाळा, माझ्यामुळे वर जाऊ नकोस, आणि माझ्यामुळे खालीही येऊ नकोस. पण मला विचारशील तर, मला खाली जायचंय."

त्या वाक्यानं लीडर मोकळा झाला, असं तो स्वतः सांगतो. मला मात्र वाटतं, त्या क्षणी निर्णय दादावर सोडायला नको होता. दादानं उलट उत्तर दिलं असतं तर? विरळ हवेत माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज सगळ्यात आधी बिघडतो. बारा वाजताची अट त्यासाठीच तळ्यापाशी, सगळ्यांची डोकी ताळ्यावर असताना ठरली होती.

माघार

वॉशबोर्ड उतरताना घाई केली नाही. लीडर वरून बिले देत राहिला, बाकी दोघं पायऱ्यांवरून पाठमोरे उतरले आणि शेवटी तो उतरला. चिमणीपाशी अँकरला दोन स्लिंग (पट्ट्यांचे फास) सोडून रॅपल मारलं.

टॉवर ट्रॅव्हर्स हा खरा पेच. उलट्या दिशेनं आधी कुणी जायचं? पहिला जो जातो तो लीडच करत असतो. शेवटचा जो येतो तो प्रोटेक्शन, म्हणजे वाटेत लावलेले कॅम-नट, काढत येतो, म्हणजे तोही घसरला तर झोकाच खातो. पहिल्या जागी अनुभवी माणूस हवा तसा शेवटच्या जागीही हवा, आणि असा माणूस एकच होता. त्यांनी केलं ते असं: मैत्रीण आधी गेली, सावकाश, प्रत्येक सहा-सात फुटांवर प्रोटेक्शन लावत. पलीकडे तिनं अँकर बांधला. दादा मधे, एक दोर पुढून आणि एक मागून, दोन्ही ताणात, म्हणजे कुठेही घसरला तरी झोका नाही. प्रोटेक्शन न काढता नुसता दोर सोडवत आणि पुन्हा अडकवत तो पलीकडे गेला. शेवटी लीडर. आडवीतल्या अवघड जागांवरचे दोन कॅम आणि एक नट त्यानं काढलेच नाहीत, दोर त्यांच्यातून ओढून घेतला. साहित्य गेलं. अशा वेळी किमतीचा विचार न करणं हे त्याचं सगळ्यात चांगलं काम, आणि ते बोलताना त्याच्या गावीही नव्हतं.

अडीचच्या सुमाराला पहिला गडगडाट झाला आणि पाठोपाठ गारा. तोवर दोर गुंडाळून ते बुरुजाखालच्या मोठ्या धोंड्यांत आले होते. लोखंड एका बाजूला ठेवून, एकमेकांपासून अंतर राखून, सॅकवर उकिडवे बसून राहिले. पाऊण तासानं थांबलं. ओल्या धोंड्यांवरून तळ्यापाशी यायला साडेचार झाले, तंबूपाशी सहा.

निर्णयाची तिसरी जागा : संध्याकाळ

तंबूपाशी दादानं चहा घेतला आणि त्याला बरं वाटू लागलं. झोपून टाकावं असं तिघांनाही वाटत होतं. उंचीच्या त्रासावर खात्रीचा उपाय एकच, खाली जाणं. पण पोर्टलपर्यंत जायचं तर एबर्सबाकर लेजेस अंधारात, ओल्या कातळावर आणि दमलेल्या पायांनी उतरायच्या. तीही वाट त्यांना येताना नीट सापडली नव्हती.

त्यांनी मधला मार्ग काढला. तंबू गुंडाळला, दादाची सॅक दोघांनी वाटून घेतली आणि १,००० फूट खाली लोअर बॉय स्काउट लेकला उतरले. हा भाग धोंड्यांचा असला तरी तिथे कड्याची भीती नाही. डोक्यावरचे दिवे लावायची वेळ आली तेव्हा पोचले. दादा त्या रात्री पोटभर जेवला. सकाळी डोकेदुखी नव्हती. रविवारी उजेडात लेजेस उतरून दुपारी ते पोर्टलला आले.

पूर्ण मोहिमेतला हा मला सर्वांत पक्का वाटणारा निर्णय. एक धोका टाळताना दुसऱ्यात उडी घेतली नाही आणि जेवढं खाली जाणं शक्य होतं तेवढे गेले.

निष्पत्ती आणि काय वेगळं करता आलं असतं

दादाला पुढे काही त्रास झाला नाही. लीडर आणि मैत्रीण पुढच्या वर्षी सप्टेंबरात पुन्हा गेले. दोन रात्री हॉर्सशू मेडोजला काढल्या, आइसबर्ग लेकला आदल्या दुपारी पोचले आणि ईस्ट बट्रेस चढून माउंटनियर्स रूटनं उतरले.

पहिल्या खेपेतल्या गोष्टी पुन्हा मांडायच्या तर माझ्या लेखी हॉर्सशू मेडोजची बुडालेली रात्र सगळ्यांत वर. ती झाली असती तर बाकीचे प्रश्न बहुधा आलेच नसते. पण उशीर होतो, नोकऱ्या आहेत, हे मी मान्य करतो. रात्र बुडाली तर बेताचा शेवटही तेवढाच मागे सरकवायचा, एवढं तरी व्हायला हवं होतं. शनिवारची विश्रांती हाच तो पर्याय. तो फुकट होता आणि कुणी बोललं नाही.

दुसरं, दादाबद्दलचा निर्णय लीडरनं एकट्यानं पेलायचं कारण नव्हतं. आपल्या क्लबांमध्ये सीनियरला थांब म्हणणं जड जातं. तो आदर चांगलाच आहे, मी त्यातच वाढलोय. म्हणून हे काम निघण्याआधीच तिसऱ्याकडे द्यावं. इथे मैत्रिणीला दादांशी बोलताना ते ओझं नव्हतं. तब्येतीबाबत तिचा शब्द शेवटचा, असं घरीच ठरलं असतं तर तळ्यापाशीच दादा थांबला असता, किंवा तिघं मिळून घळीनं गेले असते.

एका मुद्द्यावर लीडर आणि मैत्रिणीचं आजही जमत नाही. लीडर म्हणतो, दादा धडधाकट असता तर सव्वाबारालाही वर जाणंच बरोबर होतं. पुढची तुकडी दीडला माथ्यावर पोचली, गारा लागल्या तेव्हा ती घळीत होती आणि सुखरूप उतरली. मैत्रीण म्हणते, ते दोघं होते, आपण तिघं.

मी मैत्रिणीच्या बाजूनं आहे, आणि हिशेब सरळ आहे. पावणेदहा ते सव्वाबारा या अडीच तासांत हे तिघं टॉवर ट्रॅव्हर्स आणि वॉशबोर्ड चढले, म्हणजे कड्याचा सोपा अर्धा भाग. दादाच्या वेगाचा भाग वजा केला तरी तिघांच्या दोराला फ्रेश एअर ट्रॅव्हर्स, ग्रँड स्टेअरकेस आणि वरची भेग यांना तीन तास लागलेच असते. अडीचला गारा पडल्या तेव्हा ते ग्रँड स्टेअरकेसवर असते. ओल्या कपारी, वर अरुंद भेग, मागे बंद झालेली आडवी आणि माथ्याकडे जाण्यावाचून उपाय नाही. लीडर हा हिशेब ऐकून घेतो आणि म्हणतो, दोन तासांत झालं असतं. तसं झालं असतं तरी सव्वादोनला ते माथ्यावर पोचले असते, पहिल्या गडगडाटाच्या पंधरा मिनिटं आधी.